ताडाला घाला

त्या रविवारी सकाळी ताडाला पाच पानं होती. दोन पूर्ण हिरवी, एक कडांनी करपलेलं, एक निम्मं वाळलेलं आणि सगळ्यांत खालचं पूर्ण तपकिरी, जे आईने कापू दिलं नव्हतं. या पाचांच्या मधोमध सहावं पान होतं, अजून न उघडलेलं, मिटलेल्या छत्रीसारखं उभं. त्याला आम्ही सुई म्हणायचो. सुईची उंची तेवीस सेंटिमीटर. तिच्यावर आणि तिला चिकटून असलेल्या जुन्या देठावर मी बारीक टोकाच्या मार्करने एकच आडवी रेघ ओढली होती. देठाची वाढ संपलेली असते, सुईची व्हायची असते. झाडात जीव असेल तर सुईवरची अर्धी रेघ वर सरकते आणि देठावरची अर्धी जागेवर राहते.

मार्चच्या सुरुवातीला ओढलेली ती रेघ एप्रिलच्या मध्यावरही एकसंध होती.

"काय म्हणतोय?" आईने दारातून विचारलं.

"तेवढाच आहे."

"तेवढाच म्हणजे?"

"तेवढाच म्हणजे तेवढाच, आई."

ती आत गेली आणि बादली घेऊन आली. ताडाच्या बुडाशी तिने सगळं पाणी हळूहळू ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत बादली तिरकी धरून ठेवली. मग वाळलेल्या पानावरची धूळ पदराने पुसली. विहारात जायची वेळ होऊन गेली होती. ती गेली नाही. त्या महिन्यात ती एकाही रविवारी गेली नव्हती. तिथे सगळे पहिला प्रश्न ताडाचा विचारायचे.

आमचं घर वारज्यात, टेकडीच्या उताराला, पाटबंधारे खात्यातल्या लोकांच्या सोसायटीतलं शेवटचं बैठं घर. अंगण अठरा फूट बाय अकरा, तोंड पश्चिमेला. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. समोर नवी इमारत झाल्यापासून सकाळचं ऊनही तिच्या काचांवरून उलटून आमच्या अंगणात पडतं आणि दुपारनंतर खरं ऊन येतं ते वेगळंच. एप्रिलमध्ये तिथे अनवाणी उभं राहता येत नाही. कढीपत्ता आणि कोरफड सोडली तर तिथे काही टिकलेलं नव्हतं. म्हणूनच पप्पांनी ताड निवडला होता. ताडाला ऊन चालतं, कोरडं चालतं, फक्त घाई चालत नाही.

पप्पा खात्यात ड्राफ्ट्समन होते. पालघरकडे एका लग्नाला गेले असताना रस्त्याकडेला पडलेलं पिकलेलं ताडफळ त्यांनी रुमालात बांधून आणलं आणि एसटीभर त्याचा वास सोसला. ताडाचं बी आधी खाली जातं. वर काही दिसायच्या आत त्यातून एक जाड कोंब निघून सरळ जमिनीत उतरतो. कुंडीत तो तळाला आपटून वाकतो आणि झाड कायमचं खुरटतं. हे कुठेतरी वाचून पप्पांनी सांडपाण्याच्या आठ इंची पाइपचा दोन फूट तुकडा आणला, उद्या झाड काढताना मुळाला धक्का नको म्हणून तो आधीच उभा चिरला, तीन क्लिपांनी पुन्हा आवळला आणि वाळूमातीने भरून गॅलरीत उभा केला. पहिलं पान दिसायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात आईने किमान दहा वेळा तो पाइप भंगारात द्यायचं सुचवलं असेल.

माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. लोक उंच मुलीला 'ताडासारखी वाढली' म्हणतात. पप्पा पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "आमची आमू अगदी ताडासारखी वाढली," आणि लगेच गॅलरीतल्या त्या पाइपकडे बोट करायचे.

ताडाला चौथं पान येत होतं तेव्हा पप्पा दवाखान्यात होते. शेवटच्या दिवसांत ते नीट ऐकू येईल असं एकदाच बोलले. माझे काका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ कचरूकाका, कॉटजवळ उभे होते, आई होती, मी होते. काकांनीच विषय काढला होता, की गावाकडे नदीत वगैरे काही करायचं मनात आहे का. पप्पा म्हणाले, "नदीत बिदीत काही नको. ताडाला घाला."

त्याप्रमाणे केलं. जलदान विधीच्या दिवशी सकाळी अंगणात अडीच फूट खड्डा घेतला. कातळ लागला तिथे थांबलो. मग काकांनी पांढऱ्या कापडाच्या पिशवीतली रक्षा खड्ड्याच्या तळाशी ओतली, माझा भाऊ प्रज्ञेश आणि मी पाइपच्या क्लिपा सोडवून मातीच्या गड्ड्यासकट ताड त्यावर उतरवला. भंतेजींनी पंचशील दिलं. काका बोलले आणि चांगलं बोलले. नदी घाण करायची नाही, दगड बांधायचा नाही, माणूस झाडातून वर येतो, असं. विहारातल्या दोन कुटुंबांनी त्यानंतर तसंच केलं. एकांनी आंबा लावला, एकांनी पिंपळ. आमचं अंगण बघायला माणसं यायची.

आई ताडाला 'ताड' म्हणायची थांबली. "त्याचं आज कसं आहे?" असं विचारायची, म्हणजे कोणाचं ते मला कळत नसे.

एप्रिलपर्यंत मी साध्या गोष्टी एकेक करून बाजूला काढल्या होत्या. पाणी कमी पडत नव्हतं, आई उलट जास्तच घालत होती. पानांमागे कीड नव्हती. ऊन खूप होतं, पण ताड उन्हाचंच झाड. उरली माती. मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन कर्वेनगरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत पाणी आणि माती तपासायचं काम करते. लोकांच्या शेतांची माती रोज हातात असते, घरची कधी नेली नव्हती. त्या रविवारी आई दुपारी झोपली तेव्हा मी वायरिंगच्या पाइपचा एक तुकडा ताडापासून हातभर अंतरावर तिरका ठोकला आणि तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरून माती काढली.

सोमवारी तिन्ही नमुने शुद्ध पाण्यात ढवळून ठेवले. वरच्या मातीचा पीएच सात पूर्णांक नऊ. आमच्या भागात तो असतोच तेवढा. मधल्याचा आठ पूर्णांक चार. सर्वांत खालच्याचा दहा पूर्णांक आठ. मीटर बिघडला असं वाटून तो पुन्हा जुळवला आणि परत बुडवला. दहा पूर्णांक आठ. क्षारांचं प्रमाण वरच्या मातीच्या अठरा पट.

इतका आकडा मी फक्त चुन्याच्या भट्टीजवळच्या मातीत पाहिला होता. आमच्या अंगणात चुना कुठून, असा विचार करत मी बीकर उजेडात धरला. तळाशी पांढरी भरड कणी बसली होती.

तपासून झालं की बीकर सिंकमध्ये रिकामा करायचा असतो. माझ्या मागे दुसरे नमुने रांगेत होते. मी ते पाणी, कणीसकट, एका बाटलीत भरलं, बाटली बॅगेत ठेवली आणि घरी येऊन माझ्या पुस्तकांमागे उभी केली. बीकर तीन वेळा विसळला. विसळलेलं पाणीही त्याच बाटलीत गेलं.

प्रज्ञेश हिंजवडीहून कंपनीच्या बसने येतो, घरी पोचेपर्यंत त्याच्यात बोलायची ताकद नसते. तरी मी त्याला गच्चीवर नेऊन सांगितलं.

"थांब," तो म्हणाला. "राख तर चांगली असते ना झाडाला? आजी टाकायची वांग्यांना."

"ती लाकडाची, पसाभर आणि पसरून. ही सगळी एका जागी, मुळाच्या टोकाखाली. आणि खाली कातळ, पाणी जाणार कुठे? आई जितकं पाणी घालते तितका क्षार विरघळून तिथल्या तिथे फिरतो. दुपारी ऊन तोच वर ओढतं. एवढ्या मोठ्या खड्ड्यात एकुलतं एक मूळ आहे त्याला, ते त्यात उभं आहे."

तो समोरच्या इमारतीच्या काचांकडे बघत म्हणाला, "आईला नको सांगू. आपण दुसरा आणू. ती मावशीकडे जाईल तेव्हा बदलून टाकू."

"ताड नर्सरीत मिळत नाही, पऱ्या. आणि तिला याची पानं तोंडपाठ आहेत."

"मग काढायचं?"

"काढायचं तर मुळाजवळ खणावं लागेल. ताडाचं मूळ दुखावलं तर तसाही मरतो."

"म्हणजे ठेवलं तरी मरणार, काढलं तरी मरणार. भारी. तुझ्या सायन्सचा फायदा काय मग?"

फायदा एवढाच होता की काढलं तर कदाचित जगला असता आणि ठेवलं तर नक्की नाही. पण त्यासाठी आईला सांगावं लागणार होतं.

मी ते वाईट पद्धतीने सांगितलं. गुरुवारी काका आले होते. आई त्यांना सांगत होती की आता मी दोन वेळा पाणी घालते, आणि काका म्हणत होते, "जरा शेणखत बी टाक, जया, ताकद हाय त्यात." मी मध्येच बोलले, की काही टाकू नका, खालच्या राखेमुळेच तो मरतोय.

"राख नाही म्हणायचं," आई म्हणाली. "रक्षा."

"रक्षेमुळे."

मग काका म्हणाले, "कुणामुळं?"

मी आकडे सांगितले. कागद दाखवला. खड्ड्याचा तळ, कातळ, मिठाने भरलेल्या भांड्यात झाड लावावं तसं झालंय, असं काहीतरी बोलले. मीठ म्हटल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं.

"चुलीची राख पिढ्यान्‌पिढ्या टाकतोय आम्ही," काका म्हणाले. "मेली का वांगी? तुला खाऊ घातलीत ती. आता पोरगी शिकली आन् बापालाच विष म्हनाय लागली."

"काका, मी पप्पांना नाही म्हणत..."

"मग कुनाला? त्या खड्ड्यात दुसरं कोन हाय?"

प्रज्ञेश मोबाइल उलटसुलट करत बसला होता. काका उठले, चपला घालताना म्हणाले, "त्याचा शेवटचा शब्द हाय. दवाखान्यात आपण चौघं... तिघं व्हतो. त्यानं सांगितलं तसं केलंय. आता उकरायचं म्हंजे कुत्र्यागत." आणि मग आईला, हळू आवाजात, "तू मनाला लावून घेऊ नको. झाड हाय, जगतं, मरतं."

ते गेल्यावर आईने एकच विचारलं. "म्हणजे त्यांच्यामुळेच मरतोय?"

"आई, शास्त्रात 'त्यांच्यामुळे' असं नसतं."

"मग शास्त्रात काय असतं?"

ती उठून आत गेली. त्या संध्याकाळी तिने ताडाला पाणी घातलं नाही. अंगणात आलीच नाही. मला वाटत होतं की ती माझ्यावर रागावली आहे. नंतर लक्षात आलं की ती ताडाकडे पाहू शकत नव्हती. इतके महिने ज्याच्याशी ती दिवसभर बोलत होती, त्याला आता पप्पांचीच रक्षा मारत होती आणि हे मी तिला सांगितलं होतं.

शुक्रवारी करपलेल्या पानाचा वरचा भाग दुमडून खाली लोंबला. मी सुईवरची रेघ पाहिली. एकसंध. सुई किंचित ओढून पाहायचा धीर झाला नाही. ताडाचा कोंब आतून कुजला असेल तर ती हातात येते, आणि आली की झाड संपलं.

शनिवारी सकाळी मी ओट्याजवळ उभी होते. आईने चहा गाळला, गाळणी उचलली आणि नेहमीसारखी खिडकीबाहेरच्या कढीपत्त्यावर आपटायला गेली. हात तसाच हवेत राहिला.

आमच्या घरात काही टाकून द्यायचं नसे. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, उरलेलं ताक, फ्रीजमध्ये विसरलेलं वरण. पप्पा बसल्या जागेवरून म्हणायचे, "टाकू नका, झाडाला घाला." ते इतक्या वेळा म्हणायचे की प्रज्ञेशचे बारावीचे मार्क आले तेव्हाही मार्कशीट परत देत ते हेच म्हणाले होते.

"मी एकदा त्या पाइपात चहाचा चोथा टाकला होता," आई गाळणीकडे बघत म्हणाली. "तू कॉलेजात होतीस. आठवतं?"

"नाही."

"चमच्याने वेचून काढला त्यांनी. कणन् कण. वर मला म्हणाले, जयाबाई, झाडाला घाला, ताडाला नका घालू. दोन दिवस धड बोलले नाहीत." तिने गाळणी ओट्यावर ठेवली. "तांदळाचं पाणी नाही, ताक नाही. एकदा कचरूदादांनी गावाकडून शेणखत आणलं तर तेही ठेवून दिलं. सगळं झाडाला घालायचे. ताडाला कधी काही घातलं नाही त्यांनी. नुसतं पाणी."

तिने एक कप माझ्याकडे सरकवला.

"दवाखान्यात म्हणाले तेव्हा हसत होते का गं?"

मी आठवून पाहिलं. मी कॉटच्या पायथ्याशी होते. आवाज आठवत होता. चेहरा आठवत नव्हता. "मास्क होता, आई."

"हो ना. मास्क होता." चहा गार झाला. "ते मस्करी करत होते की नाही हे आता कोणालाच कळणार नाही. पण चोथा वेचून काढणारा माणूस आहे तो." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढ ती राख."

काकांना तिनेच फोन केला. पलीकडचा आवाज मला येत नव्हता, फक्त आईचा. "दादा, उद्या सकाळी पहार घेऊन या." मग थोडा वेळ ऐकणं. "हो. विचारलं नाही तुम्हाला. सांगतेय." पुन्हा ऐकणं. "मग नका येऊ, नुसती पहार पाठवा."

रविवारी ऊन वर यायच्या आत काका पहार खांद्यावर घेऊन फाटकात उभे होते. "मी पटलं म्हनून आलेलो न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही मूळ तोडाल म्हनून आलोय."

वरून खणायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ताडाचा गड्डा हलला की संपलं. उताराच्या बाजूने, ताडापासून दोन फूट लांब, एक चर घ्यायचा, तो कातळापर्यंत न्यायचा आणि मग आडवं शिरून गड्ड्याखालचा थर हाताने बाहेर काढायचा. एका वेळी एकच बाजू. काढलेली जागा लगेच भरायची, मग पुढची. मी पाटीवर खडूने काढून दाखवलं. काकांनी पाटी तिरकी करून पाहिली आणि म्हणाले, "ड्राफ्ट्समनची पोरगी हाय, एवढं मातूर खरं."

मुरमात पहार आपटली की ठिणगी उडत होती. काका आणि प्रज्ञेश आळीपाळीने खणत होते. मग आडवं शिरायची वेळ आली तेव्हा मी चरात उतरले, पोटावर आडवी झाले आणि खुरप्याने माती ओढायला लागले. आधी मुरूम, मग पप्पांनी कालवलेली वाळूमाती, मग एकदम कडक थर. मी भुकटी अपेक्षित धरली होती. इतके महिने पाणी पिऊन ती प्लास्टरसारखी घट्ट झाली होती, पांढरट, कडा धारदार. आणि तिच्यात वरून उतरलेलं मूळ, माझ्या अंगठ्याएवढं जाड, वर पिवळसर आणि टणक. थराला टेकलं होतं तिथून खाली बोटभर ते तपकिरी होतं आणि दाबलं की मऊ लागत होतं. त्याच्या बाजूने, थर टाळून, दोन नवी बारीक मुळं आडवी निघालेली होती. एक वाळलेलं. एक पांढरं.

"काय दिसतंय?" वरून प्रज्ञेशने विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

मी ढेकळं सोडवून मागे सरकवत होते आणि आई चराच्या तोंडाशी बसून ती घेत होती. तिने घमेलं घेतलं नव्हतं. पांढरं कापड पसरलं होतं, त्याच पिशवीचं, उसवून. प्रत्येक ढेकूळ ती दोन्ही हातांनी घ्यायची, चिकटलेली माती बोटाने पाडायची आणि कापडावर ठेवायची. एकदा एक तुकडा काकांच्या पायाशी घरंगळला. त्यांनी तो उचलला, मुठीत धरला आणि फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी पहार हातात घेतली नाही.

सगळी निघणं शक्य नव्हतं. कणी मातीत मिसळलेली होती. मी आईला तसं सांगितलं.

"राहील तेवढी राहू दे," ती म्हणाली. "चिमूटभर चालते ना?"

"चालते."

मोकळ्या झालेल्या जागेत आम्ही गाळलेली तांबडी माती आणि वाळू ठासली. काकांनी शेणखताचं नाव काढलं नाही. चर मातीने न बुजवता खडीने भरला, म्हणजे वरून घातलेलं पाणी क्षार घेऊन उताराकडे निघून जाईल, तळाशी साचणार नाही. मग प्यायच्या पाण्याचे दोन पिंप, अगदी बारीक धारेने, दुपारपर्यंत. बुडाशी नारळाच्या सोडणांचा, सोललेल्या सालींचा, जाड थर पसरला, माती तापू नये म्हणून.

उरलं ऊन. ताडाला ऊन चालतं, पण मुळाचं टोक गेलेल्या ताडाला नाही. पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी लावायची होती आणि एक बाजू भिंतीला बांधली तरी दुसरीला खांब हवा होता. प्रज्ञेश बांबू आणायला निघाला तेवढ्यात आई मागच्या मोरीतून पप्पांचा पाइप घेऊन आली. दोन उभ्या फाका, तीन क्लिपा. तिने कापडाची गाठ मारली, गाठोडं एका फाकेत ठेवलं आणि दुसरी वर लावायला प्रज्ञेशला सांगितलं.

काका म्हणाले, "अगं, सांडपान्याचा पाइप हाय तो."

"त्यांनी विकत आणलेला आहे," आई म्हणाली. "तुम्हाला दुसरा कुठला माहीत असेल तर सांगा."

काकांनी स्वतः क्लिपा आवळल्या. दोन्ही तोंडांना टोपणं बसवली. मुरमात पहारीने भोक घेऊन त्यात सळई रोवली आणि पाइप तिला तारेने बांधला. तो दोनच फूट उंच, पण ताड त्याहून कमी होता. जाळीचं टोक त्याच्या वरच्या क्लिपेत अडकवलं. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आलं तेव्हा ताडावर सावली होती. माझ्या पुस्तकांमागची बाटली मी त्या संध्याकाळी आईला दिली. ती तिने खडीच्या चरात, पार उताराच्या टोकाला, हळूहळू ओतली. काय आहे ते विचारलं नाही.

त्यानंतर ताड आणखी बिघडला. निम्मं वाळलेलं पान पूर्ण गेलं. करपलेलंही गेलं. दोन हिरव्यांपैकी एकाचा रंग उतरून पिवळा झाला. मूळ दुखावलं की हे होणारच, हे मला माहीत होतं, आणि मरताना नेमकं असंच दिसतं हेही माहीत होतं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. खोल मातीचा पीएच नऊ पूर्णांक एकवर आला. एका सकाळी मी सुई दोन बोटांत धरून अगदी हलकेच ओढली. ती आली नाही. पण रेघही हलली नव्हती.

"काय म्हणतोय?" आई विचारायची.

"तेवढाच."

आता ती पुढे काही विचारत नसे.

बुद्धपौर्णिमेला ती विहारात गेली. मी बरोबर होते. खीर वाटत असताना पिंपळवाल्या बाईंनी विचारलंच, "जयाताई, ताड काय म्हणतोय?" आई म्हणाली, "एक पान उरलंय." मग तिने त्यांना बाजूला घेतलं. त्यांच्या कमरेवर हात ठेवून ती बराच वेळ बोलत होती. बाईंचा चेहरा मला दिसत होता. आधी ऐकत होता, मग मिटला. त्या पुढच्या पंगतीत जाऊन बसल्या आणि आमच्याकडे परत पाहिलं नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आमचा पिंपळ छान आहे."

"असेल. पिंपळाला मुळं खूप असतात."

"असू दे छान," आई म्हणाली.

ज्यांनी आंबा लावला होता त्यांच्याकडे काका गेले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त इतकं म्हणाले, की विहारात पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी 'पसरून घाला' असं सांगणार आहे, आणि तुला काय फरक करायचा असेल तो आताच सांग, नंतर मला लोकांसमोर उताणा पाडू नको.

मेच्या अखेरीस पारा चाळीसच्या वर होता. त्या सकाळी मी अंगणात आले तर आई आधीच ताडाशी बसली होती. जाळीतून हिरवा उजेड तिच्या हातांवर पडला होता. ती पाइपला पाठ टेकून बसली होती आणि चष्मा कपाळावर होता.

"मला नीट दिसत नाही," ती म्हणाली. "तू बघ."

मी पट्टी आणली. सोडणं बाजूला केली, गुडघे टेकले, पट्टीचा शून्य देठावरच्या रेघेला लावला. सुईवरची रेघ पुसट झाली होती. मी डोळा पट्टीच्या पातळीवर आणला आणि वाचलं. मग पट्टी उचलून पुन्हा लावली आणि पुन्हा वाचलं.

"मोठ्याने वाच," आई म्हणाली.

दोन रेघांमध्ये साडेतीन मिलिमीटर अंतर होतं.